दंडाची कोंबडी

मार्च संपत आला होता आणि मी तरव्यावर, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर, कवळ रचत होतो. तरवा भाजायचा म्हणजे आधी शेण पसरा, त्यावर कवळ म्हणजे झाडांचे तोडलेले टाळे, त्यावर पातेरा, वरून माती, मग आग. साठी उलटली तरी हे काम मी दुसऱ्याला देत नाही. आमच्या वाडीतली पोरं असं रचतात की आग लागते एकीकडे आणि भाजतं भलतीकडे. सकाळचे नऊ नसतील वाजले, तरी कातळ तापलेला. तेवढ्यात बांधावरून शमिका उतरली. डाव्या बगलेत कोंबडी, उजवा हात ओढणीत गुंडाळलेला.

"मामा, धरा."

"काय गो?"

"दंड."

मला कळेना. म्हटलं, "कसला दंड? बैठक कुठं झालीय अजून?"

"व्हईल की. तीनदा झाली, चौथ्यांदा व्हायला काय लागतंय? तुम्ही येणार, लखमा आजा येणार, सगळे येणार. तो म्हणणार चुकलं. तुम्ही म्हणणार एक कोंबडी, एक बाटली. मंग कोंबडीच्या मागं धावायचं कुणी? मीच ना? आज हात चालत नाय, म्हणून उजाडताच खुराड्यातनं धरलीय. बाटलीचं तेवढं तुमचं तुम्ही बघा."

असं बोलणारी पोर नव्हती ती. चार वर्षांत तिचा आवाज आमच्या घरापर्यंत आला असेल तर तो रडण्याचाच. आणि माझं घर तिच्या घराला लागून आहे.

आता मी कोण ते सांगतो. मी रावजी हिलम, या कातकरवाडीचा नाईक. आंजर्ल्याची खाडी वर चढत चढत अरुंद होते, तिथं कातळाच्या कुशीत आमची तेवीस घरं. नाईक म्हणजे काय मोठा सरदार नव्हे. भांडण झालं की ज्याच्या दारात येऊन बोंब मारायची, तो नाईक. आणि शमिकाचा दादला दर्शन हा माझा सख्खा भाचा. माझी बहीण गेली तेव्हा सहा वर्षांचा होता, माझ्याच चुलीवर वाढला. त्याला बायको मीच बघितली. मंडणगडच्या वाडीत जाऊन मागणी घातली. शमिकाची आय विधवा. निघताना तिनं माझा हात धरलान आणि म्हणाली, "नाईक, पोर तुमच्या पदरात टाकतंय." मी छाती काढून म्हटलं, "ती माझी पोर." बोलायला काय जातंय! जिभेला हाड नसतं.

"मामा, पयल्या दंडाला तांबडा कोंबडा कापलाव," शमिका म्हणाली. "कुणाचा व्हता?"

"दर्शनाचा."

"दर्शनानं कधी कोंबडीला दाणा टाकलान? माझा व्हता. आयनं लग्नात तलंगी दिलेलीन, तिची पैदास. दुसऱ्या दंडाला काळी कापलीव, ती अंड्यावर व्हती. तिसऱ्याला तर खुडूक बसलेली उठवलीव. खालची अंडी गार पडून गेली. मार मी खाल्ला, कोंबड्या माझ्या गेल्या, वाटण मी वाटलं, तुम्हाला वाढलंबी मीच. त्याचं काय गेलं ते सांगा."

हातातला टाळा हातातच राहिला.

आमच्यात रीत आहे. कुणी बायकोवर हात टाकला, कुणी कुणाच्या जाळ्यातलं मासं उचललं, तर वाडी बसते. चुकणाऱ्यानं उभं राहायचं, चूक कबूल करायची, दंड भरायचा आणि तो दंड सगळ्यांनी मिळून खायचा. एका पंगतीला बसलं की राग निवळतो, असं बापजादे सांगायचे. आजाच्या वेळी चुकणारा डुकराच्या नाहीतर सशाच्या मागं चार दिवस रान तुडवायचा, तेव्हा दंड भरून व्हायचा. त्याचा घाम निघायचा. रानात जायला बंदी आली, शिकार गेली, मग आम्ही म्हटलं कोंबडी चालेल. कोंबडी कुणाची, हे एकाही पंचाच्या टाळक्यात आलं नाही. मी त्यातला पहिला पंच.

आणि एक गोष्ट मला तिथं तरव्यावर उभ्या उभ्या आठवली. तिसऱ्या दंडाच्या जेवणाला तिचा डावा डोळा मिटलेला होता. ओठ सुजलेला. अशी ती वाढत होती, आणि मी पहिला घास घेऊन म्हटलं होतं, "मीठ कमी पडलंय गो." ती आत गेली आणि मीठ घेऊन आली. मी ते घेतलं, कालवलं आणि जेवलो. मांडीचा तुकडा नाईकाचा, तोही खाल्ला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या घडीला झालं. पण कातळ काय दुभंगतो!

"हात दाखव बघू," मी म्हटलं.

"तुम्हाला काय दाखवायचा?"

तोवर माझी बायको मैना पेज घेऊन शेतावर आली होती. तिनं मागून सगळं ऐकलं होतं. पेजेचं पातेलं बांधावर ठेवलंन, माझ्याकडे बघितलंदेखील नाही, आणि शमिकाच्या हातावरची ओढणी सोडवलीन. मनगटाच्या वर हात वाकडा झाला होता. काळानिळा, फुगून टरारलेला.

"कशानं मारलंन गो?"

"आंबे काढायच्या बांबूनं. काल संध्याकाळचं. भाकरी गार म्हणून."

मैना माझ्याकडे वळली. "खा आता! कोंबडी आयती आलीय, खा! दात बळकट हायत ना अजून?"

"मैने, मी काय—"

"तू काय? वाडीचं वाडीत, वाडीचं वाडीत, हेच तुझं भजन. आपलेच दात आन आपलेच ओठ म्हणून चार वर्सं गप बसवलीस या पोरीला. कुंपणच शेत खाया लागलं तर जायचं कुणाकडं?"

तिचं खरं होतं. पण वाडीचं वाडीत हे मी उगाच म्हणत नव्हतो, तेही सांगतो. तीन वर्षांमागं एका बागेतून आंब्याच्या पेट्या गेल्या. कातकरी जवळ राहतात, म्हणजे कातकऱ्यांनीच नेल्या. गाडी आली आणि आमच्यातल्या पाच जणांना घेऊन गेली. मीही त्यात होतो. दोन दिवसांनी चोर दुसराच निघाला, कुणी चुकलं म्हणून म्हटलं नाही. तेव्हापासून खाकी कपडा दिसला की आमची माणसं कोंबड्या सोडून रानात पळतात. म्हणून मी ठरवलं होतं, घरातली भानगड वाडीबाहेर जाऊ द्यायची नाही. बाहेरच्यांपासून वाडी राखली मी. वाडीपासून या पोरीला कोण राखणार, हे मनात आलंच नाही. आलं असेल तर मी ढकललं. दर्शन माझा ना!

मैनानं फोन लावलान बिल्किसला. बिल्किस म्हणजे आमची आशाताई. खाडीपलीकडल्या मोहल्ल्यातली, नवरा कुवेतला. पोरांचे डोस, बाळंतिणीच्या गोळ्या, सगळं तीच बघते. वाडीत दुसऱ्या कुणाची गाडी आली तर माणसं पांगतात, हिची स्कूटी आली तर पोरं मागं धावतात. अर्ध्या तासात आली. हात बघितलान आणि तोंडावर ओढणी धरलीन.

"या अल्ला! रावजीभाव, काय झालं हे?"

मी खाली बघितलं. याच बिल्किसला मी आधी दोनदा सांगितलं होतं. एकदा सांगितलं, शेणावरून घसरली. एकदा सांगितलं, लाकूड फोडताना कपचा उडाला डोळ्यावर. तिनं दोन्ही वेळा माझ्याकडे बघून "बरं" म्हटलं होतं. ते बरं कसलं आहे ते मला कळत होतं.

"मामांना विचारा, ताई," शमिका म्हणाली. "दर खेपेला तेच सांगतात."

टोचून म्हणाली नाही. सरळ म्हणाली. त्यानं जास्त लागलं.

"मारलंन," मी म्हटलं. "दर्शनानं. मागल्या दोन्ही खेपांना त्यानंच. मी खोटं बोललो."

बिल्किस शमिकाच्या शेजारी बसली. "हाड मोडलंय. दापोलीच्या दवाखान्यात नेते मी तुला, फोटो काढायला हवा. तिथं विचारतील कसं झालं. तू खरं सांगायचं. पुढं काय करायचं ते मात्र तुझ्यावर. तिथं एक बाई असते या कामाला, ती पोलिसांची नाही. ती सगळं समजावील. तक्रार कर, नको करू, तुला कुणी ढकलणार नाही."

"गाडी येईल काय वाडीत?" माझ्या तोंडून निघालंच.

"रावजीभाव, पोरीचं हाड मोडलंय आणि तुम्हाला गाडीची पडलीय?"

शमिका म्हणाली, "येतंय मी, ताई. पण आधी बैठक."

"आधी हात गो! बैठक कसली घेऊन बसलीस?"

"मोडका हात घेऊन रात काढली, आणखी एक तास जाईल. मी नसताना हे बसतील, कोंबडी खातील आन मला सांगतील मिटलं म्हणून. माझ्यासमोर बसू देत. दिवसाढवळ्या. बाटली उघडायच्या आधी."

बिल्किसनं दोन पट्ट्या लावून हात बांधलान, गळ्यात अडकवलान, आणि घड्याळ बघत म्हणाली, "एक तास. वर एक मिनिट नाही."

मी हाळी दिली. आमची बैठक वाडीच्या वरच्या अंगाला ऐनाच्या झाडाखाली होते. त्या दिवसांत ऐनाची पानं झडलेली असतात, सावली नुसती नावाला. बागेत कामाला गेलेले तेवढे राहिले, बाकी सगळे जमले. बायाही आल्या. एरवी बाया लांब बसतात, त्या दिवशी मैना पुढं येऊन बसली, मग सगळ्याच आल्या. लखमा म्हातारा काठी टेकत आला. ऐंशीचा असेल. बसायच्या आधीच इकडंतिकडं बघितलंन.

"कोंबडी दिसतेय. बाटली कुठाय?"

"आज बाटली नाय," मी म्हटलं.

"अरं मंग बैठक कसली? आजार हाय नी औषध नाय!"

दर्शनला बागेतून बोलावून आणलं होतं. शुद्धीवर होता. तसा शुद्धीवर असताना गुणाचा पोर हो. झाडावर माकडासारखा चढतो, बागवाला त्याच्यावाचून फवारणी करत नाही. हे मी आत्ताही बोलतोय बघा. चार वर्षं असंच बोलत आलो. गुणाचा, गुणाचा, आणि पोरीचे डोळे सुजत गेले.

चुकणाऱ्याची जागा ठरलेली आहे, बुंध्यापासून चार पावलांवर, उन्हात. दर्शन सवयीनं तिथं जाऊन उभा राहिला. मान खाली.

"चुकलं," म्हणाला. "परत नाय करणार. दंड भरतो."

"कशानं भरतोस?" मी विचारलं.

"ही काय, कोंबडी."

"कुणाची कोंबडी?"

त्यानं शमिकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घरातलीच ना. आमची."

"बारीक पिल्लू व्हतं तेव्हापासून घारीपासून कुणी राखलंन? नाव सांग."

बायांत कुजबुज झाली. लखमा खोकला आणि म्हणाला, "नाईका, उगा खोलात शिरू नको. रीत ती रीत. बापजाद्यांनी घातलेली."

"बापजाद्यांनी घातली ती चुकणाऱ्याचा घाम काढाया घातली, आजा," मी म्हटलं. "आपण मार खाणारीचं वाढवलेलं खाल्लं. तीन डाव. तुम्ही खाल्लंव, मी खाल्लं."

"मंग आता काय ओकू?" लखमा चिडला. कुणीतरी हसलं, पण लगेच गप्प झालं.

"शमिका, तुला काय हवं ते बोल," मैना म्हणाली.

शमिका उभी राहिली. आमच्यात अशा वेळी बाई माहेरी जाते. महिना दोन महिने तिकडं काढते, राग निवळला की दादला आणायला जातो. सगळ्यांना वाटलं, तेच मागेल.

"मी माहेरी नाय जाणार," ती म्हणाली. "घरकुलाचं घर माझ्या नावावर हाय. चिरे मी डोक्यावरनं वाहिले, पोटात पोर असताना. ते पोर राहिलं नाय, का राहिलं नाय ते तुम्हाला ठावं हाय. मी घर सोडणार नाय. तो जाईल. मी ये म्हणेपर्यंत दारात पाय टाकायचा नाय. आन दारू पिऊन वाडीत आला, तर वाडीनं त्याला खाडीपलीकडं नेऊन सोडायचा. मी एकटीनं नाय, वाडीनं."

पोटातल्या पोराचं कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं. पहिल्या दंडाच्या आधीची गोष्ट ती. मैनालाच ठाऊक होती, आणि मैनानं मला सांगितली होती. म्हणजे मलाही ठाऊक होती.

"बायको घरात आन दादला बाहेर?" लखमा पुटपुटला. "असं कुठं झालंय काय?"

"आज झालं," मैना म्हणाली. "दर्शनानं आमच्या शेतावरल्या खोपटात झोपायचं. जेवण मी देईन. तिथं दारूचा वास जरी आला तर पयली काठी माझी. आन हा नाईक त्याच्यासंगं खोपटात झोपल. त्यालाबी घरात जागा नाय."

"मला विचारलंस?" मी म्हटलं.

"तू कधी कुणाला विचारलंस?"

या वेळी बाया मोकळ्या हसल्या. मी विचारलं, "वाडीला मंजूर?" आधी बायांनी हात वर केले, मग पोरांनी, शेवटी लखमानं काठी वर केली. दर्शन रडायला लागला. "मामा, मी जाऊ कुठं, माझं घर हाय ते," म्हणत होता. आतडं तुटलं माझं, खोटं कशाला बोलू? सहा वर्षांचा असताना असाच रडायचा. पण मी शमिकाच्या हाताकडे बघत राहिलो.

आता आमच्या बैठकीचं शेवटचं काम उरलं होतं. उभ्या राहिलेल्यानं आपलं आपण बसायचं नसतं. ज्याचं वाईट केलं त्यानं "बस" म्हणायचं, मगच बसायचं. मागल्या तिन्ही डावांना शमिका बोलत नव्हती, तेव्हा मीच तिला दटावलं होतं. "म्हण गो बस, जेवण खोळंबलंय." आणि तिनं म्हटलं होतं.

मी उठलो. चार पावलं चाललो आणि दर्शनाच्या शेजारी, उन्हात, जाऊन उभा राहिलो.

"ह्यो काय चाळा, नाईका?" लखमा म्हणाला.

"मीबी चुकलोय," मी म्हटलं. "पोर माझ्या पदरात दिली व्हती. मी तिला तीन डाव परत त्याच घरात ढकलली. बिल्किसताईला खोटं सांगितलं. दापोलीत कुणी विचारलंन तर मी साक्ष देईन, काय झालं ते सगळं सांगेन. भाचा असला तरी."

सगळे शमिकाकडे बघायला लागले. खरं सांगतो, मलाही वाटत होतं की ती आता म्हणेल. म्हातारा माणूस, नाईक, स्वतःहून उन्हात येऊन उभा राहिलाय. डोळ्यांत पाणी येईल तिच्या, "बसा मामा" म्हणेल, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. त्याचसाठी उठलो होतो की काय, कुणास ठाऊक.

शमिकानं माझ्याकडे बघितलं. चांगलं निवांत बघितलं. मग कोंबडी मैनाच्या हातात दिलीन.

"मामी, खुराड्यात घाला. सांजच्याला दाणा टाका," म्हणाली, आणि बिल्किसच्या मागं स्कूटीवर जाऊन बसली. स्कूटी उतारावरून गेली, वळणावर दिसेनाशी झाली.

"गेली ती," लखमा म्हणाला. "बसा आता दोघं. ऊन लागंल."

दर्शन बसायला लागला. मी त्याचा दंड धरून उभा केला.

"मामा, पाय भाजतात."

"भाजू देत."

बैठक उठली तरी आम्ही तिथंच होतो. मग मैनानं येऊन दोघांनाही खोपटाकडे हाकललं.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. शमिकाचा हात बसला, पण जड उचलत नाही. दापोलीत तिनं सगळं लिहून दिलंन. गाडी आली, दर्शनला आणि मला जबाबाला घेऊन गेली. मी बोललो ते सगळं खरं बोललो. वाडीतलं कुणी रानात पळालं नाही, कारण बिल्किस पुढं बसून आली होती. दर्शन सुटून आला, अजून खोपटात आहे. दारू सुटली म्हणतो. चार महिने तरी मला वास आलेला नाही. शमिका अजून त्याला ये म्हणालेली नाही, आणि कधी म्हणावं हे मी तिला सांगत नाही.

माझ्याशी ती बोलते. विहिरीवर भेटली की "मामा, पेज घेतलीव काय?" म्हणून विचारते. घरात काही केलं की मैनाकडे वाटी पाठवते. पण ते एक "बसा" मात्र म्हटलेलं नाही. म्हणून ती समोरून आली की मी असेन तिथून उठतो. ओटीवर असलो तरी उठतो, भाकरीवर असलो तरी उठतो, आणि ती पुढं जाईतो उभा राहतो.

परवा बागवाला आला होता, त्यानं बघितलं. जाताना लखमाला म्हणाला, "वा! कातकऱ्यांत सुनेला एवढा मान देतात, माहीत नव्हतं." लखमानं मान डोलावली. मी उभाच होतो. शमिका अजून वळणापर्यंत पोचायची होती.